सोनमचं कोपर

११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

दिवाळीची सुट्टी संपली आणि मुली मैदानावर आल्या त्या पोटातल्या फराळासकट. दोन फेऱ्या मारायला सांगितलं तर निम्म्याजणी कमरेवर हात ठेवून उभ्या. एकतीस वर्षं मी या कॉलेजात खेळ शिकवते आहे. सगळी खो-खो आणि कबड्डीत गेली. आता निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना प्राचार्यांना फ्लॅग फुटबॉलची हौस आली. पुढच्या ऑलिंपिकमध्ये आहे म्हणे. नाव फुटबॉल, पण पायाने नाही, हाताने खेळायचा. लांबट चेंडू, पाच जणींचा संघ, प्रत्येकीच्या कमरेला दोन पट्ट्या. पाडापाडी नाही, पट्टी ओढली की ती मुलगी तिथेच थांबली. सगळा खेळ एकीच्या हातावर चालतो, ती क्वार्टरबॅक. तिने फेकायचं, बाकीच्यांनी पळत जाऊन झेलायचं.

पुस्तकं वाचून आणि डोळे दुखेपर्यंत व्हिडिओ बघून मी फेकीचा सात पायऱ्यांचा तक्ता केला आहे. पाय, कंबर, खांदा, कोपर, मनगट, बोटं, शेवट. जिमखान्याच्या दारावर चिकटवला आहे. १७ जानेवारीला स्पर्धा, आणि तिथे राज्याच्या संघासाठी निवड समितीचे लोक येणार. ते सुरुवातीच्या पाच जणींकडे बघतात, बाकावर बसलेलीला कोण विचारतं? म्हणजे दोन महिन्यांत मला एक क्वार्टरबॅक नक्की करायची आहे.

गीतांजलीचं जवळजवळ ठरलेलंच आहे. तिची फेक म्हणजे माझा तक्ताच हातपाय फुटून चालत आला. दुसरी सोनम. नावड्याहून येते, दुसऱ्या वर्षाला आहे. पळते छान, खेळ समजतो, बोलते कमी. पण फेक! कोपर कमरेशी, हात बाजूने फिरतो, चेंडू डुगडुगत जातो. बघवत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मोजून फेकी घेतल्या. आधी गीतांजलीच्या वीस, दहा नमिताकडे, दहा जागृतीकडे. एकेक फेक सरळ रेषेत, सणसणीत. आणि या दोघींनी मिळून दहा सोडल्या! नमिताने एकटीने सहा. मी म्हटलं, "हाताला तूप लावून आलीस का गं?" ती नुसती बोटं चोळत उभी. दोघींना दोन फेऱ्या मारायला लावल्या.

मग सोनमच्या वीस. त्यात दोनच सुटल्या. म्हणजे ओरडा खाल्ला की नमिता झेलते, हे लक्षात ठेवायला हवं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सोनमला सरावानंतर थांबवलं. विचारलं, "असं फेकायला कुठे शिकलीस?"

"शिकले नाय मॅडम. पप्पा फळ मार्केटला माथाडी आहेत ना, एपीएमसीला. शाळेत असताना सुट्टीत त्यांच्याबरोबर जायचे. कलिंगडाच्या गाडीवर."

ट्रकवरचा माणूस कलिंगड खाली टाकतो, खालचा झेलून पुढच्याला देतो, अशी साखळी असते. तिथला हा हात. मी म्हटलं, "अगं, ते कलिंगड, हा बॉल. मार्केटचं मार्केटात ठेव." बाकीच्या हसल्या. मीही हसले.

सोनम हसली नाही. म्हणाली, "मॅडम, मी पहिल्या पाचात येऊ शकते का? नुसतं बसायचं असेल तर आत्ताच सांगा. मी सकाळी पाचला उठते. नावड्याहून पेंधर, तिथून मेट्रोने बेलापूर, मग इथे."

असं तोंडावर विचारणारी मुलगी मला आवडते. म्हटलं, "कोपर वर आण. फेक तक्त्याप्रमाणे आली तर तुला सुरुवातीला खेळवीन."

"नक्की?"

"शब्द देते."

अशा मुलींना कोणी वळण लावलेलं नसतं. लावलं की सोनं होतं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

रोज अर्धा तास सोनमसाठी वेगळा काढते. हातात चेंडू नाही, नॅपकीन. आरशासमोर उभं राहून तो शंभर वेळा झटकायचा, प्रत्येक वेळी स्वतःच्या कोपराकडे बघायचं. मी फोनवर चित्रण करते आणि कोपर कुठे घसरलं ते थांबवून थांबवून दाखवते. मुलगी कुरकुर म्हणून करत नाही. घरीही करते. तिची आई म्हणाली म्हणे, "भिंतीवरच्या माश्या मारती का काय?"

सुधीरला जेवताना सगळं सांगितलं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्याला माझ्या मैदानात फार रस. म्हणाला, "तीस वर्षांत मला सरळ करता आलं नाही तुला, ती पोरगी दोन महिन्यांत होणार?" मी म्हटलं, "तिच्यात सुधारायला जागा आहे."

६ डिसेंबर, शनिवार

सोनम गैरहजर. निरोप नाही, फोन नाही. मी एवढा जीव काढते आहे आणि हिला एक दिवस आधी सांगता येत नाही? आठवड्यातला मोठा सराव शनिवारीच असतो हे तिला माहीत आहे. हजेरीत लाल खूण केली. शब्द दिला म्हणजे गृहीत धरायचं नसतं, हे सोमवारी सांगणार आहे.

८ डिसेंबर, सोमवार

सगळ्यांसमोर विचारलं, "शनिवारी कुठे होतीस?"

सोनमने माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, सहा डिसेंबर होता."

महापरिनिर्वाण दिन. शाळकरी पोरालाही माहीत असलेली तारीख. मी शनिवार बघितला आणि तारीख बघितलीच नाही. ती म्हणाली, "दादरला आमच्या वस्तीचा पाण्याचा स्टॉल असतो दरवर्षी. शुक्रवारी सांगणार होते, पण वाटलं तुम्हाला माहितीच असेल."

मी "बरं बरं, चल, नॅपकीन घे" म्हणाले. लाल खूण नंतर खोलीत येऊन खोडली. तिच्यासमोर खोडली असती तर बरं झालं असतं.

१५ डिसेंबर, सोमवार

आली! कोपर खांद्याच्या वर, कंबर आधी, मनगट शेवटी. सलग अकरा फेकी तक्त्याप्रमाणे. चेंडू आता डुगडुगत नाही, भिरभिरत सरळ जातो. मी टाळ्या वाजवल्या. एकतीस वर्षांत मला असा आनंद मोजक्या वेळा झाला असेल. प्रत्येक फेकीनंतर सोनम वळून माझ्याकडे बघते आणि मी मान हलवली की मगच पुढची फेकते. शिष्या असावी तर अशी.

नमिताचं मधलं बोट सुजलं आहे. बर्फ लावायला पाठवलं. या मुलींची हाडं म्हणजे नाचणीचे पापड.

२४ डिसेंबर, बुधवार

पनवेलच्या एका कॉलेजशी मैत्रीपूर्ण सामना. पहिला भाग गीतांजली, दुसरा सोनम. दोघींच्या फेकी बघून त्यांचे सर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मॅडम, काय तयार केल्यात मुली!" आणि आम्ही सव्वीस गुणांनी हरलो. सुटलेले झेल पंधरा. पंधरा! नमिता आणि जागृतीला मी मैदानावरच उभं केलं आणि म्हटलं, दोन सोन्यासारख्या फेकणाऱ्या तुमच्यामुळे वाया चालल्या आहेत.

तेव्हा नमिता फुटली. हात माझ्या तोंडासमोर धरला, दोन बोटं एकमेकांना चिकटपट्टीने बांधलेली. "बघा ना मॅडम एकदा! गीतांजलीचा बॉल म्हणजे डायरेक्ट दगड. आधी सोनमचा तरी हातात यायचा, आता तिचा पण अंगावर येतो. आमी करायचं काय?"

उलट बोलल्याबद्दल मी तिला दोन फेऱ्या दिल्या. ती पळाली. रडत पळाली.

२५ डिसेंबर, गुरुवार

सुट्टी. सकाळपासून नमिताचा हात डोळ्यांसमोरून हलेना, म्हणून ही वही आणि सरावाची नोंदवही घेऊन बसले.

नोव्हेंबरमध्ये सोनमच्या फेकी: वीसपैकी दोन सुटल्या, वीसपैकी तीन, वीसपैकी एक. गीतांजलीच्या: दहा, नऊ, अकरा. पंधरा डिसेंबरनंतर सोनमच्या: नऊ, दहा, बारा. माझ्याच अक्षरात, माझ्याच पेनाने. म्हणजे नमिता ओरडा खाऊन सुधारत नव्हती, फेकणारी बदलत होती. सोनमचा चेंडू दिसायला गबाळा, पण झेलणारीच्या हातात अलगद उतरत होता. पाच जणींतली एकच मुलगी दुसरीचा विचार करून फेकत होती आणि ती खोड मी महिनाभर घासून घासून काढली.

सुधीरने चहा आणून ठेवला तो गार झाला. मला स्वतःची भयंकर लाज वाटते आहे.

२९ डिसेंबर, सोमवार

सोनमला म्हटलं, "आजपासून जुन्या पद्धतीने फेक."

ती गोंधळली. "जुन्या म्हणजे?"

"तुझ्या. आधी फेकायचीस तशी."

तिने प्रयत्न केला. पहिली फेक जमिनीत, दुसरी जागृतीच्या डोक्यावरून. कोपर अर्धं वर, अर्धं खाली. दहा फेकींनंतर ती चेंडू पोटाशी धरून उभी राहिली. "मॅडम, नाय जमत. बॉल हातात आला की पाय, कंबर, खांदा, सगळं डोक्यात येतं. तुमच्या आवाजात."

तेव्हा म्हणायला हवं होतं, की पोरी, माझी चूक झाली. शब्द अगदी ओठांवर होते. मी शिट्टी वाजवली आणि म्हणाले, "सराव कर, जमेल." जणू ही आठवी पायरी.

नवी फेक तिची झाली नाही, जुनी माझ्यामुळे गेली. मुलगी ना धड इकडची ना धड तिकडची. एकोणीस दिवस उरलेत.

३ जानेवारी २०२६, शनिवार

सकाळी सुधीरला उठवलं आणि फळ मार्केटला गेले. संत्री घ्यायची आहेत असं त्याला सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही, पण आला.

कलिंगडाची गाडी शोधायला वेळ लागला नाही. सोनमचे वडील मारोती खाली दुसऱ्या नंबरवर उभे होते. बारीक चणीचा माणूस, डोक्याला फडकं. कोपर कमरेशी. कलिंगड येतं, हातात थांबल्यासारखं वाटतं तोवर पुढे गेलेलं असतं. पंधरा मिनिटं मी बघत राहिले, कलिंगड हातात पडल्याचा आवाज म्हणून येत नव्हता. गाडी निम्मी झाल्यावर ते पाणी प्यायला आले तेव्हा ओळख सांगितली.

"आरं, मॅडम तुमी!" त्यांनी हात पुसून नमस्कार केला. "पोरगी लई सांगती तुमचं. मॅडम जीव लावून शिकवत्यात म्हनती. कोपर वर येईना म्हनून दिवाळीनंतर रडायची ओ रोज. आता आलं न्हवं?"

"आलं," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

मग विचारलं, "फेकताना तुम्ही बघता कुठे?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. "कुठं म्हंजी? समोरच्याच्या हाताकडं. आपल्याच हाताकडं बघत बसलं तर कलिंगड फुटलंच की. अन् समोरचा दमला असंल तर जरा धीरानं द्यावं लागतं. त्याच्या तोंडावरनं कळतं ते."

मी महिनाभर तिला स्वतःच्या कोपराकडे बघायला लावलं होतं. आरशात, फोनवर, भिंतीवरच्या सावलीत.

माझी चूक झाली हे सांगायला गेले होते, ते बोललेच नाही. दोन कलिंगडं घेतली. त्यांनी निवडून दिली आणि पैसे घ्यायला कां कूं करत होते, ते सुधीरने खिशात कोंबले. परतताना सुधीर म्हणाला, "संत्र्यांचा रंग बदललेला दिसतो."

९ जानेवारी, शुक्रवार

आठवडाभर फोन बाहेर काढलेला नाही. आरसा बंद, नॅपकीन बंद. सोनमला एवढंच सांगते, नमिताच्या हातांकडे बघ. थोडं जमतंय. पाच चांगल्या येतात, मग सहावीला तिला आठवतं की मी उभी आहे. मान वळते, माझ्याकडे बघते, आणि सातवी तक्त्याप्रमाणे सणसणीत जाते. नमिता "आई गं" म्हणते. मी तोंड घट्ट मिटून, हाताची घडी घालून उभी असते, तरी सोनमला माझ्या चेहऱ्यावर कोपर दिसतं.

आज यादी द्यायची होती. क्वार्टरबॅकच्या जागी सोनमचं नाव लिहिलं. लिहिताना स्वतःला विचारलं, ही निवड आहे की प्रायश्चित्त? प्रामाणिकपणे सांगायचं तर मला माहीत नाही.

गीतांजली खोलीत आली. उभ्या उभ्याच विचारलं, "माझं काय चुकलं मॅडम? तुम्ही शिकवलंत तसंच फेकते मी. एक पण पायरी चुकत नाही."

"तुझं काही चुकलं नाही, बाळा."

"मग?"

"मी जे शिकवलं ते अर्धंच होतं. फेकणारीचं शिकवलं, झेलणारीचं शिकवलं नाही."

तिचे डोळे भरले. तिचे वडील अंधेरीहून रजा काढून सामना बघायला येणार होते. म्हणाली, "मग मला पण उरलेलं अर्धं शिकवा." मी हो म्हणाले. मला ते कितपत येतं देव जाणे.

१७ जानेवारी, शनिवार

दमले आहे, पण आज लिहिलं नाही तर झोप लागणार नाही.

पहिला सामना नऊला. निवड समितीचे दोन गृहस्थ मांडवात टेबलाशी बसले होते, समोर छापील तक्ते. सोनमचे वडील आले नव्हते, शनिवारी गाड्या जास्त येतात. आई आली होती, कुंपणाशी उभी.

सोनमची पहिली फेक अगदी माझी. कोपर वर, सुंदर, दगड. नमिताच्या हाताला लागून उडाली, समोरच्या मुलीने झेलली आणि गुण करून आली. सोनमने माझ्याकडे पाहिलं. चेंडू पुन्हा आमच्याकडे आला तेव्हाही तेच, फेक जागृतीच्या छातीवर आपटून खाली पडली. सोनमने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा मी विसरणार नाही. परीक्षेत पेपर कोरा ठेवलेल्या पोरासारखा झाला होता. माझ्या शेजारी बाकावर गीतांजली उठून दंड मोकळे करायला लागली. तिला वाटलं, आता आपल्याला बोलावतील. मलाही वाटलं. नुसतं हात वर करून पंचांना बदली सांगायची, की संपलं.

आणि मी पाठ फिरवली. ठरवून नाही. ती पुन्हा वळून माझ्याकडे बघेल हे मला सहन होईना, एवढंच. मैदानाकडे पाठ आणि कुंपणाकडे तोंड करून उभी राहिले. समोर सोनमची आई, पदर तोंडाशी धरून. ती मैदानाकडे बघत होती, मी तिच्याकडे.

मागे शिट्टी झाली. पळण्याचे आवाज. मग काहीच नाही. मग मुलींचा ओरडा.

"पकडला!" गीतांजली म्हणाली. "मॅडम, नमिताने पकडला. बघा ना!"

"तू बघ. मला सांग."

ती सांगत राहिली. आधी आवाजात नाराजी होती, मग ती कधी गेली कळलंच नाही. "जागृती... पकडला. परत जागृती. आता नमिता लांब पळतेय... मॅडम, काय दिला यार! पकडला!" मला राहवेना. मी हळूच विचारलं, "कोपर कसं आहे गं?"

"सांगणार नाही," गीतांजली म्हणाली.

मध्यंतरातही मी वळले नाही, मुलींना पाणी गीतांजलीनेच दिलं. सोनमच्या आईने पदर कधी खाली घेतला आणि कधी टाळ्या वाजवायला लागली, ते मात्र मी पाहिलं. सामना आम्ही सहा गुणांनी जिंकलो. दुपारचा दुसराही मी तसाच ऐकला. तोही जिंकला.

संध्याकाळी समितीतले गृहस्थ तक्ता घेऊन आले. "मॅडम, तुमची सात नंबरची क्वार्टरबॅक. फेकीचं तंत्र असा रकाना आहे, दहापैकी गुण द्यायचे. मला तर ते काहीतरी विचित्रच वाटलं. पण दोन सामन्यांत मिळून सुटलेले झेल पाच, आणि त्यातले दोन अगदी सुरुवातीचे. तुमचं काय मत?"

"मी पाहिलं नाही," मी म्हणाले.

मला वेड लागलं असावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण सात आकड्याभोवती गोल केला. उद्याचा सामना बघून ठरवतो म्हणाले.

मुली पिशव्या भरत होत्या. सोनम माझ्याजवळ आली आणि खाली बघत म्हणाली, "मॅडम, एवढं रागावलात का?"

"कोण रागावलं?"

"तुम्ही पाठ फिरवलीत ना. मला वाटलं झालं, आता काढणार मला. म्हटलं, काढायच्या आधी नमिताला चार तरी नीट देऊन जाऊ. तिची बोटं आधीच गेलीयेत."

मी तिचे दोन्ही हात धरले. सगळ्या मुली ऐकत होत्या, तिची आई कुंपणाच्या आत आली होती. एकतीस वर्षांत कुठल्याही विद्यार्थिनीला जे म्हटलं नव्हतं ते म्हटलं. "सोनम, तुझं कोपर पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. मी चुकले. मला माफ कर." आवाज फुटला, रडले, सगळं झालं. नमितालाही जवळ घेतलं, तिच्या बोटांना हात लावायची हिंमत झाली नाही.

सोनमने हात सोडवून घेतले आणि पिशवीची चेन लावत म्हणाली, "ठीकाय मॅडम. पण उद्या पण पाठ करूनच उभ्या राहाल ना?"

मी हो म्हणाले.